स्फटिकाची उष्णता आणि तिची वाट

मंडळी, व्याख्यानाच्या फलकावर हा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की कामगार चळवळीतल्या या गृहस्थाला स्फटिकांच्या भानगडीत पडण्याचे कारण काय? कारण आहे, आणि ते मी ओघात सांगेन. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. पदार्थविज्ञानाचे कोणी प्राध्यापक येथे बसले असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या माळरानावर गारगोटी सापडते. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणग्या पाहिल्या नाहीत असा माणूस येथे विरळाच. ही गारगोटी म्हणजे स्फटिकाचीच ओबडधोबड बहीण. 1880 साली पॅरिसमध्ये पिएर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ जाक यांनी दाखवून दिले की अशा स्फटिकाची चकती योग्य दिशेने दाबली तर तिच्या अंगावर विद्युतभार उमटतो. मारी क्यूरीमुळे हे आडनाव आपल्याला ठाऊक आहे; पण ही गोष्ट तिच्या लग्नाच्या पुष्कळ आधीची. पुढच्याच वर्षी लिपमन याने गणिताने सांगितले की याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे वीज दिली तर स्फटिक आक्रसला-फुगला पाहिजे. भावांनी तेही लगेच पडताळून पाहिले. यालाच दाबविद्युत म्हणतात.

1920 नंतर अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात वॉल्टर केडी याने या कंपनाचा ताल रेडिओच्या कामी जुंपला. घंटेला जसा तिचा एकच नाद, तसा स्फटिकाच्या चकतीला तिचा एकच ठेका. त्या ठेक्यावर आकाशवाणीचे केंद्र आपली जागा धरून राहू लागले. पण उष्णता वाढली की ठेका हले. मग यावर उपाय काय काढला? स्फटिकाला एका छोट्या भट्टीतच ठेवले! बाहेरच्या हवेपेक्षा भट्टी नेहमी अधिक गरम ठेवायची, म्हणजे बाहेर ऊन पडो की थंडी, आतले मान ढळत नाही. उपाय चालला, परंतु शिपायाच्या पाठीवरील यंत्रात भट्टी कोठे नेणार? तेव्हा 1934 साली बेल प्रयोगशाळेतील लॅक, विलर्ड आणि फेअर यांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जपानमध्ये कोगा हाही त्याच वाटेने चालला होता. स्फटिकाच्या अंगी काही ताठरपणा उष्णतेने वाढतो, काही घटतो. चकती अक्षाशी सुमारे 35 अंश 15 कला कलती कापली की ही वाढ-घट एकमेकींना खाऊन टाकते आणि नेहमीच्या हवामानात ठेका जवळजवळ स्थिर राहतो.

ही बुद्धिमत्ता थोर खरीच. तरी माझ्या मनाला एक गोष्ट खटकते. या दोन्ही उपायांत उष्णता होती तेथेच राहिली; ती सोसायला स्फटिकाला तेवढे शिकवले.

एका ओतकाम कारखान्यात आमच्या संघटनेने भट्टीवरील माणसांसाठी छपराला धुराडी झडप आणि दोन मोठे पंखे मागितले होते. चैत्र-वैशाखाचे दिवस होते. व्यवस्थापनाने मिठाच्या गोळ्या दिल्या, दुपारी ताक दिले, अंगात वारा खेळेल असे कपडेही दिले. झडप मात्र चौथ्या उन्हाळ्यात मिळाली. ताकाला मी नावे ठेवीत नाही. पण ताक पिऊन छपराखालची उष्णता बाहेर जात नाही.

स्फटिकाच्या इतिहासातही तो चौथा उन्हाळा यावा लागला, आणि तो आणला मोबाइल फोनने. 1885 साली लॉर्ड रॅले याने घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींचे गणित मांडले होते. भूकंपात त्यांचे महत्त्व असेल असे त्याला वाटले होते. 1965 साली बर्कलेच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी दाबविद्युत पदार्थावर धातूच्या दोन फण्या, दाते एकमेकांत घालून, बसवल्या आणि विजेने अशी लहर उठवून दाखवली. ही लहर सेकंदाला तीन-चार हजार मीटर जाते. रेडिओची लहर तीन लाख किलोमीटर. म्हणून जे काम रेडिओलहरीला हातभर जागेत करावे लागते ते येथे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्यात होते. फोनमध्ये आपला पट्टा तेवढा आत घेणाऱ्या आणि शेजाऱ्याचा बाहेर ठेवणाऱ्या अशा गाळण्या डझनांनी असतात.

आता येथली उष्णता बाहेरच्या उन्हाची नव्हे, ती आतच जन्मते. बोलताना फोन गाळणीतून सुमारे एक वॅटपर्यंत शक्ती लोटतो. एक डेसिबल गळती म्हणजे तिचा पाचवा हिस्सा वाटेत हरवला, आणि बहुतेक उष्णता होऊन बसला. फणीचा दाता अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रुंद. तो बसलेला असतो लिथियम टँटलेटवर, ज्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद सिलिकॉनच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाइतकी. हा पदार्थ तापला की लहर मंदावते. दर अंशामागे दहा लाखांत सुमारे 40 भाग ठेका उतरतो; 2000 मेगाहर्ट्झची गाळणी 60 अंश तापली तर तिची कड जवळजवळ पाच मेगाहर्ट्झ खाली घसरते. अमेरिकेच्या 1900 च्या पट्ट्यात बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या भागांमध्ये मोकळी जागाच 20 मेगाहर्ट्झ! शिवाय घसरलेली कड चालू संदेशावर आली की गळती वाढते, गळतीने उष्णता वाढते, उष्णतेने कड आणखी घसरते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र. शेवटी लहरीच्या ताणाने अ‍ॅल्युमिनियमचे अणूही जागा सोडतात. कोठे उंचवटे येतात, कोठे खड्डे पडतात, आणि दाता तुटतो. 1970 च्या दशकापासून अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे घालून हे लांबवीत आले.

प्रथम येथेही ताकच दिले गेले. फणीवर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर चढवला. तो तापला की उलट अधिक ताठर होतो, त्यामुळे घसरण भरून निघते. पण हा थर काचेच्या जातीचा, उष्णतेचा मंद वाहक. दुसऱ्या जातीच्या गाळणीत अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ पडदा डफाच्या चामड्यासारखा पोकळीवर ताणतात. ध्वनी आत कोंडून राहतो, पण खाली हवा असल्याने उष्णतेलाही कडेपुरतीच वाट. पोकळीऐवजी थरांचा आरसा ठेवण्याची कल्पना न्यूवेल याने 1965 मध्येच मांडली होती. त्यात ध्वनी परततो आणि उष्णतेला खाली उतरायला भक्कम जमीन मिळते.

मला सर्वांत आवडलेला उपाय मात्र आमच्या धंद्यातला आहे. एका कंपकावर भार फार पडत असेल तर त्याच्या जागी दुप्पट क्षेत्राचे दोन कंपक एकापुढे एक लावतात. गाळणीचे काम तेच राहते, पण दर चौरस मायक्रॉनवरचा भार चौथाई होतो. जागा अधिक लागते, म्हणून कारखानदार कुरकुरतो. (ही कुरकुर मी ओळखतो.) त्याबरोबर तुकडा उलटा बसवून तापणाऱ्या कंपकाच्या जवळच सोन्याचे उंचवटे देतात, म्हणजे उष्णता त्यांतून थेट खालच्या पाट्यात जाते.

2016 साली जपानच्या मुराता कंपनीच्या संशोधकांनी लिथियम टँटलेटचा जाड तुकडाच काढून टाकला. त्याचा अगदी पातळ थर, मध्ये दोन थर आणि तळाशी सिलिकॉन. ध्वनी वर राहिला, उष्णता खाली गेली, ठेक्याची घसरणही आटोक्यात आली. तेव्हापासून सिलिकॉनच्या जागी सिलिकॉन कार्बाइड, क्वचित हिराही, तळाला घालून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. कार्बाइड सिलिकॉनच्या दुपटीहून अधिक उष्णता वाहतो.

अडचण उरली आहे ती जोडणीची. लिथियम टँटलेट एका दिशेने सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावतो. म्हणून दोन्ही चकत्या तापवून चिकटवल्या तर थंड होताना वाकतात किंवा तडकतात. त्यांचे पृष्ठभाग निर्वातात खरवडून स्वच्छ करतात आणि खोलीच्याच तापमानाला एकमेकांवर दाबून धरतात.