यंत्रांचे पाठभेद

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत शिरले म्हणजे विजेच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी दिसतात. दिवाळीच्या आठवड्यात माळा घेणाऱ्यांची तेथे कोण गर्दी! मी मात्र तेथे जातो तो फ्यूज आणि कपॅसिटर यांच्यासाठी. मला जुने संगणक जमविण्याचा नाद आहे. या नादाला घरात काय म्हणतात, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. शेजारच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे जमविली, त्यांचे आज नावाजलेले संग्रहालय झाले आहे. संगणकांची पाळी अजून यावयाची आहे.

या जमविणाऱ्यांत एक वाद नेहमी रंगतो: जुन्या यंत्रातला सदोष प्रोसेसर काढून चांगला बसवावा की नाही?

१९९१ मध्ये अमेरिकेतील मिप्स कंपनीने आर-४००० हा प्रोसेसर जाहीर केला. वर्कस्टेशन, म्हणजे अभियंते व चित्रकार वापरीत ते भारी संगणक, त्यावर चालत. पण त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत एक खोड होती. गुणाकार चालू असतानाच आकडे सरकविण्याची विशिष्ट आज्ञा आली, तर उत्तर चुकण्याचा संभव असे. पाटी एक आणि हिशेब मांडणारे दोन, असा काहीसा प्रकार! यावर तोड काढली ती कंपायलरमध्ये. कंपायलर हा आपली आज्ञावली प्रोसेसरच्या भाषेत उतरविणारा दुभाष्या. या दोन आज्ञांची गाठ पडू देऊ नकोस, असे त्याला शिकवावे लागले. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये त्यासाठी वेगळी कळच ठेवली गेली.

घरगुती संगणकाची गोष्ट अधिक गाजली. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करीत असता त्यांना इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकताना दिसला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तर १.३३३८२० येते. पेंटियम सांगे १.३३३७३९! भागाकारासाठी आत कोरलेल्या कोष्टकातील १०६६ घरांपैकी ५ घरे रिकामी राहिली होती. आपल्याकडे पावकी-निमकी पाठ करणाऱ्या मुलाने एवढे घर गाळले असते, तर पंतोजींनी काय केले असते ते सांगावयास नको. इंटेलला मात्र प्रोसेसर बदलून देण्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

याच काळातली पुण्याची गोष्ट निराळी आहे. १९८८ मध्ये येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इन्मॉस या इंग्रज कंपनीच्या ट्रान्सप्यूटर प्रोसेसरांवर. त्या कुळातील टी-८०० चा अपूर्णांकांचे गणित करणारा भाग ऑक्सफर्डच्या गणितज्ञांच्या साहाय्याने, सिद्धता मांडून तपासला होता. त्याबद्दल १९९० मध्ये राणीच्या नावचे पारितोषिकही मिळाले. नुसती उदाहरणे सोडवून पाहण्यापेक्षा हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

आता वादाकडे वळू. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पंडितांनी हजारावर हस्तलिखिते तपासली. लेखनिकाची चूक त्यांनी फेकून दिली नाही. ती पाठभेद म्हणून पानाखाली नोंदविली. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या एकाच घराण्यातल्या असाव्यात, असा माग लागतो. प्रोसेसरचेही तसेच आहे. कोणत्या आज्ञेला तो अडखळतो, यावरून त्याची आवृत्ती ओळखू येते, आणि त्या काळचे कंपायलर असे वळसे का घेत होते, हेही कळते. चांगला प्रोसेसर बसविला की यंत्र नीट चालेल खरे, पण तो पाठभेद पुसला जाईल.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक यंत्राच्या झाकणाआड मी एक चिठ्ठी चिकटवून ठेवतो: आवृत्ती कोणती, खोड कोणती, आणि खाली तांबड्या शाईने – ‘बदलू नये.’