भायखळ्याचा अजबखाना

मुंबईच्या राणीच्या बागेंत जाणारी मंडळी बहुधा जनावरें पाहण्याच्या ओढीनें जातात. मुलांचे हात धरून तीं लगबगीनें पुढें निघतात, आणि जवळच उभ्या असलेल्या एका भारदस्त इमारतीकडे त्यांची पाठ होते. जुन्या मुंबईकरांच्या तोंडीं तिचें नांव 'अजबखाना'. कागदोपत्रीं ती प्रथम 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम' होती, इ. स. १९७५ पासून ती 'डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय' झाली. मुंबईंतील हें सर्वांत जुनें वस्तुसंग्रहालय होय. तें उभें राहण्यास काय सोसावें लागलें, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

इ. स. १८५१ मध्यें लंडन येथें व १८५५ मध्यें पॅरिस येथें मोठीं प्रदर्शनें भरलीं. त्यांच्याकरितां हिंदुस्थानांतून कारागिरीच्या व उपजाच्या नाना वस्तु गोळा करण्यांत आल्या. त्या निमित्तानें मुंबईंतहि एक संग्रह जमला व तो कोटांतील लष्करी बराकींत मांडण्यांत आला. इतक्यांत सन सत्तावनचा वणवा पेटला. सैन्याला जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईनें बाहेर काढण्यांत आला; त्यांत पुष्कळ मोडतोड झाली. जें वांचलें त्याला टाउन हॉलचा आश्रय मिळाला. बंदुकांना जागा करून देण्यासाठीं मडकीं, विणकाम आणि कोरीवकाम यांना रस्ता धरावा लागला, असा हा या संग्रहाचा पहिला अध्याय.

पुढल्याच वर्षीं, १८५८ मध्यें, डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे संग्रहाची व्यवस्था आली. त्यांना साथ मिळाली ती शहरांतील दोन थोर गृहस्थांची : नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी. भाऊ हे मूळचे गोमंतकांतील मांजरें गांवचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक. दिवसा रोगी तपासावे आणि उरल्या वेळांत ताम्रपट, शिलालेख व जुनीं नाणीं यांचा छडा लावावा, असा त्यांचा क्रम. अजिंठ्याच्या लेखांवरहि त्यांनीं परिश्रम घेतले. अशा माणसाला जुन्या वस्तु जतन करणें ही चैन वाटत नसे. ती गरज वाटे. वर्गणी सुरू झाली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें भायखळ्यास कोनशिला बसली.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेंत यादवी माजली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर लोटला होता. अशा वेळीं वर्गणीचे आंकडे घालतांना कोणाचा हात आंखडत नाहीं. परंतु १८६५ मध्यें यादवी संपली आणि शेअरांचा फुगा फुटला. काल ज्यांनीं हजारांचे आंकडे घातले, त्यांतील कित्येकांचीं दिवाळीं निघालीं. खुद्द भाऊंनाहि जबर ठोकर बसली. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं नाना शंकरशेट वारले. भिंती अर्धवट, तिजोरी रिकामी ! शेवटीं सरकारला खर्चाचा भार उचलावा लागला. विल्यम ट्रेसी यांच्या आराखड्यावरून आरंभलेलें काम स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीनें पुरें केलें, आणि २ मे १८७२ रोजीं दरवाजे उघडले. नाना गेले होते. बर्डवुड प्रकृतीमुळें १८६८ मध्येंच विलायतेस परतले होते. तिघांपैकीं तो दिवस मुंबईंत पाहिला तो एकट्या भाऊंनीं, आणि पुढें दोनच वर्षांनीं, १८७४ च्या मे महिन्यांत, त्यांचाहि अंत झाला.

इमारत बाहेरून इटालियन धाटणीची, शांत व प्रमाणबद्ध आहे. आंत पाऊल टाकतांच मात्र थाट पालटतो. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, त्यांच्या आधारावर चहूंबाजूंनीं फिरणारा वरचा सज्जा, सोनेरी वर्ख चढविलेली नक्षी आणि पायांखालीं मिंटनच्या विलायती कारखान्यांतील रंगीत फरशा. मधोमध राणीचे पति अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो मॅथ्यू नोबल यांनीं घडविला असून डेव्हिड ससून यांची ती देणगी होय.

राजेरजवाड्यांचें जडजवाहीर पाहण्याच्या अपेक्षेनें कोणी येथें आल्यास त्याची निराशा होईल. सतराव्या शतकांतील 'हातिमनामा'चें हस्तलिखित, बिदरी कलाकुसर, हस्तिदंती काम, जे. जे. कलाशाळेंतील मातीचीं भांडीं हें सारें आहेच. परंतु मन रमतें तें चिमुकल्या मातीच्या बाहुल्यांपाशीं. निरनिराळ्या जातिजमाती, त्यांचे धंदे, त्यांचे खेळ आणि त्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या ! माणसांचीं अशीं खणांत वाटणी करून ठेवण्याची साहेबी हौस आज खटकते, व ती खटकावी हेंच बरें. तरी पगडीच्या एकेका घडीवर कारागिरानें जो जीव ओतला आहे, तो साहेबाचा नव्हे. रस्त्यावरून ती पगडी केव्हांच नाहींशी झाली. ती पाहावयाची तर आतां कांचेआडच.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याच नांवावरून पोर्तुगीजांनीं घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलें. इ. स. १८६४ मध्यें त्याला विलायतेस नेण्याचा बेत झाला. उचलतांना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते १९१४ मध्यें सांधून त्याला येथें उभा केला. साखळी मजबूत असती तर हत्ती पाहण्यासाठीं मुंबईकराला लंडन गांठावें लागलें असतें !

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इमारतीची आबाळ झाली. ओल, धूळ व दुर्लक्ष यांनीं ती ग्रासली. पुढें नगरपालिका, 'इन्टॅक' ही संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं एकत्र येऊन तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामास २००५ मध्यें युनेस्कोचें पारितोषिक मिळालें, आणि २००८ मध्यें संग्रहालय पुनः खुलें झालें. खांब पुनः उजळले, फरशा पुनः लखलखल्या. अल्बर्ट होते तेथेंच, मधल्या दालनांत उभे आहेत. दारावर नांव मात्र भाऊंचें आहे.