खड्याचा घाव आणि पुढची काच

मोटारीच्या पुढच्या काचेवर खडा आदळून जो लहानसा खोलगट घाव पडतो त्याला टवका म्हणतात आणि त्या घावापासून काचेत जी रेघ पसरत जाते तिला तडा म्हणतात. हे दोन्ही प्रकार मोटारीइतकेच जुने असावेत असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु आज ज्या अर्थाने टवका ‘भरून’ घेता येतो, त्या अर्थाने तो विसाव्या शतकात घडलेल्या एका विशिष्ट काचेचे अपत्य आहे. न फुटणारी काच मोटारउद्योगाला कधीच करता आली नाही. त्याला साधली ती फुटूनही जागेवर राहणारी काच, आणि टवके भरण्याचा व्यवसाय याच तडजोडीच्या पोटी जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील मोटारींना पुढे काचच नव्हती. धूळ, किडे आणि खडे यांपासून बचाव करण्यासाठी चालक मोठे चष्मे आणि जाड कोट वापरत. गाड्यांचा वेग वाढला तशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढची काच आली. प्रारंभी ती वेगळे पैसे देऊन बसवून घ्यावी लागे आणि पुष्कळदा आडव्या दोन भागांची असे, म्हणजे वरचा भाग धुळीने माखला की तो दुमडून चालकाला थेट रस्ता पाहता येई. ही काच खिडकीच्या तावदानासारखी साधीच होती. खड्याच्या माऱ्याने किंवा अपघातात ती फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होत, आणि धक्क्याने पुढे फेकल्या गेलेल्या माणसाचा चेहरा व गळा त्यांनी चिरला जाई. वाऱ्यापासून वाचवणारी वस्तू स्वतःच जीवघेणी ठरू लागली होती.

या पेचावर दोन निरनिराळ्या मार्गांनी उत्तरे शोधली गेली. पहिला मार्ग जुना होता : द ला बास्ती या फ्रेंच संशोधकाने १८७४ साली तापवलेली काच तेलात बुडवून एकदम थंड करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. अशा काचेचा पृष्ठभाग सतत दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट होते. मात्र पृष्ठभाग एकदा भेदला गेला की साठलेला ताण क्षणात मोकळा होऊन संपूर्ण काचेचे बारीक, बोथट कण होतात. हीच टफन्ड काच. दुसरा मार्ग एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाने आणि चित्रकाराने दाखवला. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार १९०३ साली प्रयोगशाळेत उंचावरून पडलेला एक चंबू तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आतला सेल्युलोज नायट्रेटचा द्राव वाळून त्याचा पापुद्रा काचेला आतून धरून बसला होता. या निरीक्षणावरून त्याने दोन काचांमध्ये सेल्युलोजचा थर दाबून बसवण्याची रीत बसवली, १९०९ मध्ये पेटंट घेतले आणि तीन थरांच्या या काचेला ‘ट्रिप्लेक्स’ हे नाव मिळाले. अशा थर जोडून केलेल्या काचेलाच आज लॅमिनेटेड काच म्हणतात.

या काचेबद्दलचे दावे मात्र तिच्या गुणांपेक्षा मोठे होते, आणि ते उघडे पाडले एका खड्याने. फोर्ड कंपनीने १९२७ च्या अखेरीस आणलेल्या ‘मॉडेल ए’ या गाडीच्या जाहिरातपत्रकांत पुढची काच कितीही मोठ्या आघाताने विखुरणार नाही असे सांगितलेले असे. १९३० साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात याच गाडीच्या काचेवर समोरून गेलेल्या वाहनाने उडवलेला खडा आदळला आणि उडालेल्या काचेच्या कणाने चालकाचा डोळा गेला. ‘बॅक्स्टर विरुद्ध फोर्ड मोटर कंपनी’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली असे ठरवले की, गाडी विक्रेत्याकडून घेतलेली असली आणि उत्पादकाशी ग्राहकाचा थेट करार नसला, तरी जी गोष्ट ग्राहकाला साध्या तपासणीने कळू शकत नाही तिच्याविषयी उत्पादकाने केलेल्या विधानांची जबाबदारी उत्पादकावरच राहते. उत्पादकाच्या दायित्वाविषयीच्या अमेरिकी कायद्यात हा निकाल आजही अभ्यासला जातो.

सेल्युलोजच्या थराचा दुसरा दोष म्हणजे तो उन्हाने पिवळा पडे आणि थंडीत ठिसूळ होई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरल या लवचीक, पारदर्शक आणि काचेला घट्ट धरून राहणाऱ्या प्लॅस्टिकने घेतली. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत या थराची जाडी ०.३८ वरून ०.७६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट, करण्यात आली, जेणेकरून आदळलेले डोके काच फोडून आरपार जाऊ नये. आजही बहुतेक गाड्यांची पुढची काच म्हणजे सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांमधला हा पाऊण मिलिमीटरचा पडदा एवढीच रचना असते.

युरोपात आणि भारतात मात्र पुढच्या बाजूला टफन्ड काच दीर्घकाळ टिकून राहिली, कारण ती स्वस्त होती. तिच्यावर खडा बसला की टवका पडत नसे. एक तर काहीच होत नसे, नाही तर क्षणार्धात सगळी काच जाळीदार पांढरी होऊन समोरचे दिसेनासे होई, आणि चालकाला हाताने काच पाडून वाट मोकळी करावी लागे. अशा काचेच्या बाबतीत दुरुस्ती हा शब्दच निरर्थक होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत १९९३ साली केलेल्या सुधारणेने तीन वर्षांची मुदत देऊन दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर वगळता सर्व नव्या मोटारींना पुढे लॅमिनेटेड काच सक्तीची केली, आणि तेव्हापासून भारतीय रस्त्यांवर टवका ही दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट ठरली. याच काळात वाहनांच्या काचांचे उत्पादनही देशात वाढले. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या चाकणला अशा पुढच्या काचा तयार होतात.

टवक्याचा आकार हा योगायोग नसतो. हाइन्रिश हर्ट्झ या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८८० च्या दशकाच्या आरंभी दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय घडते याचे गणित मांडले. गोलसर वस्तू काचेवर दाबली किंवा आदळली की खाली रुंद होत जाणारा शंकूच्या आकाराचा तडा पडतो, आणि समोरून पाहिल्यास तो वर्तुळासारखा दिसतो. टोकदार खड्याने मात्र चांदणीसारख्या रेघा फुटतात. अशा रेघा पुढे का वाढतात याचे उत्तर ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ याच्या १९२१ च्या निबंधात मिळते : काचेवरील ताण तड्याच्या सूक्ष्म टोकाशी एकवटतो, म्हणून जेथे आधीच फट आहे तेथूनच ती फाटत जाते. त्यातच फटीत शिरलेले पाणी टोकाशी असलेले काचेचे रासायनिक बंध कमकुवत करते. त्यामुळे महिनाभर जागचा न हललेला टवका पावसाळ्यात, किंवा उन्हात तापलेल्या काचेवर वातानुकूलनाचा गार झोत सोडताच, अचानक हातभर लांब होऊ शकतो.

दुरुस्तीची कल्पना व्यवसायाच्या रूपात आली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत; तिचे श्रेय सामान्यतः जेरल्ड केनाथ यांना दिले जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. खड्याने बाहेरची काच फुटलेली असते, मधला पडदा आणि आतली काच शाबूत असते, म्हणजे भरायची आहे ती फक्त बाहेरच्या थरातली हवेची पोकळी. कारागीर टवक्यातील सुटा चुरा सुईने काढतो, सक्शन कपने काचेला चिकटणारी एक छोटी चौकट त्यावर बसवतो आणि तिच्या मधल्या नळीतून आधी आतली हवा ओढून घेऊन मग पातळ रेझिन दाबाने आत सोडतो. हवा ओढणे आणि रेझिन दाबणे हा क्रम रेघांची टोके भरेपर्यंत पुन्हा पुन्हा करावा लागतो. नंतर अतिनील किरणांच्या दिव्याखाली रेझिन कडक होते, वरचा खळगा दाट रेझिनने भरून पात्याने सपाट खरवडला जातो आणि शेवटी पॉलिश होते. टवका चमकतो तो आतील हवेमुळे. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, म्हणजे सुमारे १.५, असल्याने प्रकाश त्या जागी फारसा वळत नाही आणि डाग पुसट होतो. तो पूर्णपणे नाहीसा मात्र क्वचितच होतो.

या मर्यादेमुळेच नियम आले. ब्रिटनच्या वार्षिक वाहनतपासणीत चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा, आणि वायपर फिरतो त्या उर्वरित भागात ४० मिलिमीटरहून मोठा घाव चालत नाही. अमेरिकेत लॅमिनेटेड काचेच्या दुरुस्तीचे राष्ट्रीय मानक २००७ साली प्रथम मान्य झाले. दरम्यान दुरुस्तीचे आर्थिक महत्त्वही वाढले होते. पूर्वी काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवली जाई. पुढे ती चिकटद्रव्याने थेट सांगाड्याला जोडली जाऊ लागली, आणि आता अनेक गाड्यांत तिच्यामागे कॅमेरे असल्याने काच बदलल्यावर त्यांची जुळणीही नव्याने करावी लागते, त्यामुळे काच बदलणे टवका भरण्यापेक्षा बरेच महाग पडते.

संरक्षणाचे उपाय याहून जुने आणि बरेच साधे आहेत. पोलिसांच्या वाहनांवरील लोखंडी जाळी, ट्रकच्या चाकांमागील मडफ्लॅप आणि खडी वाहणाऱ्या डंपरवरील ताडपत्री हे सारे एकाच हेतूचे प्रकार होत. शर्यतीच्या गाड्यांच्या काचेवर पारदर्शक फिल्मचे थर लावून ते एकेक करून सोलण्याची जी पद्धत आहे, तिच्यासारखीच संरक्षक फिल्म आता खासगी गाड्यांसाठीही मिळते. भारतात मात्र २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली होती, आणि त्यानंतर नियमांत बदल झाले असले तरी पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे ही अट कायम आहे. सर्वांत परिणामकारक संरक्षण अंतर आणि वेग यांचेच ठरते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहा ग्रॅमचा खडा ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळला तर सुमारे एक जूल ऊर्जा देतो, तर ताशी १०० किलोमीटरला तोच खडा सुमारे चार जूल देतो.

एका शतकाहून अधिक काळाच्या या प्रवासात काच आणि खडा यांच्या झुंजीत काच जिंकली असे म्हणता येत नाही. तिने फक्त हरण्याची पद्धत बदलली. त्या बदलाचा लाभ मिळण्याची मुदतही थोडीच असते. टवका ताजा असताना त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून पाणी आणि धूळ बाहेर ठेवली, तर तो भरता येतो. त्याची रेघ काचेच्या कडेला पोहोचली, किंवा आतली काचही तडकली, की काच बदलावी लागते.