न दिसणाऱ्या कुलपाची गोष्ट

मागच्या वेळी आपण फॉक्सग्लोव्हपर्यंत आलो होतो. विल्यम विदरिंगने 1785 साली त्या झाडावर पुस्तक लिहिलं आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षं, सैरावैरा धावणाऱ्या हृदयाला आवरायला डॉक्टरांची मुख्य भिस्त त्याच्यावरच होती. आज बीटा ब्लॉकर आहेत. आपल्यातले कितीतरी जण रोज ती गोळी घेतात, म्हणून तिची जन्मकथा जरा सावकाश पाहू.

1948 साली रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मांडलं, की अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारी शरीरातली कुलपं दोन प्रकारची असावीत: अल्फा आणि बीटा. एका नियतकालिकाने निबंध साभार परत केला. दुसऱ्याने छापला, पण बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घेणार कसं? ती कुलपं कुणी पाहिलीच नव्हती हो! निव्वळ अनुमान. नैयायिक धुरावरून अग्नी सांगतात ना, तसंच; फक्त इथे डोंगरावर जाऊन अग्नी बघायची सोय नव्हती. तशा एका बीटा कुलपाची नेमकी रचना दिसायला 2007 साल उजाडलं.

जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने मात्र त्या अनुमानावर औषध उभं केलं. हृदयशूळात सगळे हृदयाला रक्त जास्त कसं मिळेल ते पाहत होते. यांनी विचारलं, हृदयाची मागणीच कमी केली तर? पहिलं औषध उंदरांत गाठी आढळल्याने मागे पडलं. 1964च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल आलं, 1988मध्ये नोबेल.

आता गल्लत कुठे होते पाहा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ही गोळी वेग आवरते, ताल सहसा परत आणत नाही. नाडी सत्तर लागते, पण वेडीवाकडीच. काही ठोके तर मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, पूर्ण मिनिट मोजावं. मग तालच का दुरुस्त करू नये? 1989मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे जादा ठोके दाबणाऱ्या दोन औषधांनी मृत्यू वाढवल्याचं दिसलं, आणि सगळे हबकले. 2002च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत फिब्रिलेशनचा ताल सुधारू पाहणारे, नुसता वेग आवरणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. 2020मध्ये, आजार नवा असताना ताल सावरण्याच्या बाजूने पुरावा आला. वाद मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र 1970च्या दशकातच ध्यानात आली होती. कुलपं बंद ठेवली की शरीर नवी कुलपं बसवतं. “आता बरं वाटतंय” म्हणून गोळी एकदम सोडली, की अ‍ॅड्रेनॅलिनला ती सगळी एकाच वेळी उघडी सापडतात; धडधड वाढते, क्वचित झटकाही येतो. म्हणूनच डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.