ऐकून काढलेला नकाशा

रेडिओ ऐकता ऐकता नकाशा काढता येतो, असे सांगितले तर नवल वाटेल. ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्रातील खलाशी आणि शिडाच्या नौका हाकणारे हौशी दर्यावर्दी यांनी मात्र वर्षानुवर्षे हेच केले.

याचे मूळ एका दुर्घटनेत आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा हवामान खात्याचे प्रमुख होते रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विन ज्या 'बीगल'वरून जगप्रवासाला गेला, तिचे हे कप्तान. त्यांनी किनाऱ्यावरच्या नोंदी तारेने मागवून १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. अंदाज चुकला की लोक हसत. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली आणि पुढच्या वर्षी इशारेही बंद झाले. पण किनाऱ्यावरून ओरड झाली आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले.

१९२४ मध्ये असा सागरी अंदाज रेडिओवरून सांगितला जाऊ लागला. पुढे त्यात एकेका किनारी केंद्राच्या नोंदीही आल्या: वारा, पाऊस-पाणी, किती दूरचे दिसते, हवेचा दाब आणि तो चढतो की उतरतो. खलाशी छापील कोऱ्या नकाशावर हे भराभर टिपून घेई. वाऱ्यासाठी बाण, बाजूला दाबाचा आकडा. मग समान आकडे जोडत शाळेच्या भूगोलातल्या समदाब रेषा काढायच्या. रेषा दाटीने आल्या की वारा जोराचा. वाऱ्याकडे पाठ केली, तर उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला, हा बाइज बॅलटचा नियमही हाताशी असे.

जुन्या अंदाजाच्या मजकुरावरून मीही एकदा असा नकाशा काढून पाहिला. वाचणारा थांबत नाही. माझी तीन केंद्रे सुटली. तरी रेषा एका ठिकाणी गोल वळू लागल्या, तेव्हा आकड्यांमागचे वादळ मला प्रथमच दिसले. पुढे काय होणार हे अंदाज सांगतो, ते का होणार हे नकाशा काढताना कळते. हलत्या नावेत बसलेल्याला हे कळणे प्राणमोलाचे असते.

२००२ मध्ये एका सागरी विभागाला फिट्झरॉय यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या अंदाजांना लोक हसले, त्यांचे नाव आज रोजच्या अंदाजातच वाचले जाते.