पुरंदर : कऱ्हा-नीरा खोऱ्यातील गिरिदुर्ग

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील जोडकिल्ला. सासवडच्या नैर्ऋत्येस, नारायणपूर गावाच्या माथ्यावर. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 4,500 फूट. शेजारचा वज्रगड किंवा रुद्रमाळ त्याहून थोडा ठेंगणा, दोहोंमध्ये भैरवखिंड. पुरंदरचे दोन भाग पडतात : वर बालेकिल्ला आणि त्याच्या पोटाशी उत्तरेकडे पसरलेली माची. बिनी दरवाजातून माचीवर आणि सर दरवाजातून (यालाच दिल्ली दरवाजा म्हणतात) बालेकिल्ल्यात प्रवेश होतो. सर्वांत उंच जागी केदारेश्वराचे देऊळ आहे.

गडाच्या उत्तर अंगाचा पाऊस कऱ्हेच्या खोऱ्यात उतरतो, दक्षिण अंगाचा नीरेच्या. कऱ्हा बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावजवळ नीरेला मिळते, म्हणजे दोन्ही उतारांचे पाणी तिथे पुन्हा एक होते; पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूर येथे ते भीमेत जाते. बारामती-इंदापूरच्या इतिहासात या दूरच्या डोंगराला जागा द्यावी लागते ती या खोऱ्यामुळे. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीचे होते. खालच्या सपाटीवर वसूल गोळा व्हायचा आणि वरच्या डोंगरावर ज्याचा पहारा, त्याच्याच हाती तो टिकायचा.

प्रारंभ. पुरंदर हे इंद्राचे नाव. डोंगराला इंद्रनील पर्वत म्हणतात आणि हनुमंताच्या हातून पडलेला द्रोणागिरीचा तुकडा म्हणून त्याची कथा सांगतात. बांधकाम बहामनी काळातले मानले जाते. पुढे गड निजामशाहीत आणि नंतर आदिलशाहीत आला. शेंदऱ्या बुरूज बांधताना सारखा ढासळे, म्हणून त्याच्या पायात एका दलित कुटुंबातील दोघांना जिवंत पुरले, अशी परंपरा आहे. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. गडाच्या राज्यकर्त्यांची यादी देताना ही दोन माणसे गाळणे संपादकाला उचित वाटत नाही.

मालोजीराजे भोसले यांना पुणे-सुप्याबरोबर मिळालेल्या किल्ल्यांत काही ग्रंथ पुरंदरही धरतात. इतर शिवनेरी व चाकण एवढेच सांगतात. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. सालाविषयी एकमत नाही.

शिवकाल. 1648 मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांनी पुरंदरचा आश्रय घेऊन त्याचा पराभव केला. त्या वेळी किल्लेदार होते महादजी निळकंठ. त्यांच्या मृत्यूनंतर मुलांमध्ये कलह झाला. महाराज मध्यस्थीला गेले, भावांना ताब्यात घेतले आणि गडावर आपले ठाणे बसवले, ही बखरींतली हकिकत. ही घटना 1648 चीच की त्यानंतर काही वर्षांची, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. 14 मे 1657 रोजी संभाजी महाराजांचा जन्म याच गडावर झाला. तोवर ताबा पक्का झाला होता.

1665 चा वेढा. या अडीच महिन्यांविषयी जेवढे लिखित साधन आहे, तेवढे गडाच्या उरलेल्या साऱ्या आयुष्याविषयी मिळून नसेल. मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंगाची पत्रे त्याचा मुनशी उदयराज याने ‘हफ्त अंजुमन’ या फारसी संग्रहात जपली. छावणीत असलेल्या मनुची या इटालियनानेही आठवणी लिहिल्या. मार्चअखेर मोगल सैन्य गडाखाली आले. जयसिंगाने आधी वज्रगडावर मारा धरला, कारण तिथून पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात येते. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हहेली अशी नावे असलेल्या तीन अवजड तोफा चढावर ओढून न्याव्या लागल्या. एकेका तोफेला तीन-साडेतीन दिवस लागले. 14 एप्रिलला वज्रगड पडला. पुढे मोगल सरदार दिलेरखानाने बुरुजांसमोर लाकडी दमदमा उभारून त्यावर तोफा आणि बंदूकची चढवले. मेअखेरीस माचीचे बुरूज एकेक करून जाऊ लागले.

गडाचे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे याच वेढ्यात पडले. सभासद सांगतो ते असे : सातशे निवडक लोकांनिशी ते दिलेरखानाच्या फौजेत घुसले, शौर्य पाहून खानाने कौल देऊ केला, तो झिडकारून लढताना बाण लागून पडले. सभासदाची बखर घटनेनंतर तीसेक वर्षांनी, जिंजीस लिहिली गेली. आकडे म्हणून जपून घ्यावेत, पण कौल नाकारल्याची आठवण स्वराज्यात इतकी वर्षे जिवंत होती, हेच मोलाचे आहे.

11 जूनला महाराज जयसिंगाच्या तंबूत आले. तंबूतून गडावरचा मारा दिसेल, अशी व्यवस्था जयसिंगाने केली होती. आपली माणसे व्यर्थ मरत आहेत हे पाहून महाराजांनी गड देऊ केला. तहात 23 किल्ले आणि 4 लाख होनांचा मुलूख गेला; 12 किल्ले आणि 1 लाख होनांचा मुलूख राहिला. जयसिंगाच्या अहवालानुसार 12 जूनला गडावरून 7,000 स्त्री-पुरुष खाली उतरले. त्यांतले 4,000 लढणारे. उरलेले 3,000 म्हणजे बायका, मुले, म्हातारीकोतारी आणि कामकरी. त्यांनीही वेढा सोसला होता. त्यांची नोंद एवढ्या एका आकड्यापुरतीच झाली.

8 मार्च 1670 रोजी निळोपंत मुजुमदारांनी गड परत घेतला.

नंतर. संभाजी महाराजांनंतर मोगलांकडे, मग पुन्हा मराठ्यांकडे. शाहूंच्या काळात पेशव्यांकडे. 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव पेशव्यांचा जन्म येथेच झाला आणि त्यांच्या नावाने राज्य पाहणाऱ्या बारभाई मंडळाचा कारभार काही काळ गडावरून चालला. 1 मार्च 1776 चा इंग्रज कर्नल अप्टनबरोबरचा तह याच गडाच्या नावाने ओळखला जातो. मुंबईकर इंग्रजांनी तो मनावर घेतला नाही. मार्च 1818 मध्ये गड इंग्रजांनी घेतला.

राखणदार. गडावर चढण्याच्या वाटांवर मेटे (पहाऱ्याच्या चौक्या) होती आणि तिथे पिढ्यानपिढ्या कोळी व रामोशी पहारा देत. पेशव्यांचे सरदार आबा पुरंदऱ्यांनी जुन्या कोळी गडकऱ्यांना दूर केले, तेव्हा त्यांनी 1764 मध्ये अचानक चढून गड ताब्यात घेतला. पायथ्याच्या भिवडी गावचे उमाजी नाईक (जन्म 1791) रामोशी राखणदारांच्याच घरातले. पेशवाईच्या अखेरीस रामोश्यांची राखण गेली, इंग्रजी अंमलात पोटाचे साधनही गेले. उमाजींनी बंड उभारले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात ते फाशी गेले. पुरंदरसाठी झगडलेल्यांत जुन्या नोंदी या राखणदारांना धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत ते धरले आहेत, कारण गडाची प्रत्येक वाट आणि प्रत्येक पाण्याचे टाके त्यांना ठाऊक होते, आणि गड हातचा जाण्याची किंमत त्यांच्या घरांनी मोजली.

इंग्रजी काळ. गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यस्थान. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिकांची नजरकैद.

सद्यःस्थिती. गड सैन्याच्या ताब्यात. माचीवर मुरारबाजींचा पुतळा आहे. ओळखपत्र दाखवून दिवसा प्रवेश मिळतो.