परवाना आणि पाहुणा

शहाद्याजवळचे सुलतानपूर आणि तळोदे ही गावे १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होती. आज ती नंदुरबार जिल्ह्यात आहेत. मोगल दरबारी निघालेल्या पहिल्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या प्रवासवृत्तांतात या गावांची नावे आढळतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा, फादर अंतोनियो मोन्सेरात व फादर फ्रान्सिस्को हेन्रिक्स यांनी १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोवा सोडले. दमण व सुरत करून १५८० च्या आरंभी ते तापीच्या खोऱ्यातून पुढे गेले आणि नर्मदा ओलांडून, मांडू-उज्जैनच्या वाटेने, फेब्रुवारीअखेर फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. वाटेत आजारी पडलेले मोन्सेरात मागाहून आले. हा वृत्तांत त्यांनीच लिहून ठेवला आहे.

गोव्यात पोर्तुगालच्या राजाची सत्ता होती. त्या दृष्टीने हा प्रवास परदेशाचाच. मग या तिघांना वाट कोणी दिली? अकबराच्या पत्राने. धर्मगुरूंनी यावे, त्यांचा सन्मान होईल, त्यांचे रक्षण केले जाईल आणि इच्छा होईल तेव्हा त्यांना परतता येईल, अशी हमी बादशहाने दिली होती. पाहुण्याचे प्रयोजन ठाऊक असणे, यजमानाने त्याची जबाबदारी घेणे आणि परतीची वाट मोकळी असणे, या तीन गोष्टींवर तो प्रवास उभा होता.

मात्र त्याच काळी समुद्रावरचे चित्र निराळे होते. सुरतेहून मक्केला निघणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांना पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. तो नसेल तर जहाज जप्त होण्याची भीती असे. त्या परवान्यावर मारिया माता व येशू यांची चित्रे असत. अशी चित्रे जवळ बाळगून समुद्रप्रवास करावा लागत असेल, तर हजचे कर्तव्य बंधनकारक राहत नाही, असे मत अकबराच्या दरबारातील एका थोर मौलवीने दिल्याचे बदायुनीने नमूद केले आहे. आपल्या धर्मगुरूंना मोगल मुलखात निर्धास्त वाट मिळत असताना, दुसऱ्याच्या तीर्थयात्रेवर आपल्या मातेच्या चित्राचा पहारा बसला होता. ख्रिस्ती वाचकाने हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पुढे राजाच्या पत्राची जागा कायद्याने घेतली. भारतात १९२० साली पारपत्राचा कायदा झाला. परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्याच वर्षी नवा पारपत्र कायदा आला. परंतु बाहेर पडणे हा हक्क असला, तरी दुसऱ्याच्या उंबरठ्यातून आत जाणे ही यजमान देशाची अनुमती होय. ३१ जुलै १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही, त्यामागे दोन शेजाऱ्यांचा परस्पर विश्वास आहे.

हा विश्वास तुटतो कसा, याचे अलीकडचे उदाहरण इराणचे आहे. ४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने भारतीय पर्यटकांना व्हिसाची सूट दिली. तिच्या अटी स्पष्ट होत्या: हेतू केवळ पर्यटनाचा असावा, प्रवास विमानाने करावा, मुक्काम जास्तीत जास्त १५ दिवसांचा आणि तोही सहा महिन्यांतून एकदाच. पुढे नोकरीचे आमिष दाखवून भारतीयांना तेथे नेण्याचे व खंडणीसाठी डांबून ठेवण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सूट स्थगित झाली.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या एखाद्या घरातील तरुणाला ‘व्हिसा लागत नाही, लगेच निघ, काम मिळेल’ असे कोणी सांगितले, तर वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. ही सूट किती दिवसांची? कोणत्या हेतूसाठी? परतीचे तिकीट आहे का? आणि तिकडे तुझी जबाबदारी कोण घेणार? पर्यटनासाठी दिलेली सूट नोकरीचा परवाना ठरत नाही.

फादर आक्वाव्हिवा १५८३ साली दरबारातून सुखरूप गोव्यास परतले. बादशहाने आपला शब्द पाळला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे, पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टीत, त्यांची हत्या झाली. १८९३ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. परमुलखात त्यांना राखले ते यजमानाच्या वचनाने. आपले मूल घराबाहेर धाडताना असे वचन कोणी दिले आहे, याची खात्री आपण करून घ्यावी.